पद्मिनीचा वेपथू

काही तक्रारी अशा असतात की त्या पुऱ्या सांगून व्हायच्या आत उत्तर मिळतं. 'माझी गाडी थरथरते' ही त्यांतली पहिल्या नंबरची. म्हसवडच्या एस.टी. स्टँडवर उभं राहून हे वाक्य जरा मोठ्यानं म्हणून पाहा. चहाचा कप तोंडाशी जायच्या आत पाच उत्तरं मिळतील, आणि उत्तर देणाऱ्या पाचांपैकी एकानंही तुमची गाडी पाहिलेली नसेल. ज्यानं पाहिलेली असेल तो सहावं उत्तर देईल आणि त्याचे पैसे घेईल.

माझा वाद या सहाही जणांशी आहे.

तसा मी भांडखोर नाही. छत्तीस वर्षं शाळेत भूमितीचे तास घेतलेला माणूस भांडखोर राहूच शकत नाही. 'सिद्ध करा' म्हटल्यावर समोरचा वर्ग कसल्या नजरेनं बघतो ते त्यानं जन्मभर पाहिलेलं असतं. पण त्या भूमितीनं मला एक खोड लावून ठेवली आहे. पक्ष, साध्य, सिद्धता या तिन्ही पायऱ्या चढून गेल्याशिवाय मला उत्तर पचत नाही. आणि गाड्यांच्या दुनियेत पाहावं तर सगळा मामला पक्षावरून उडी मारून थेट बिलावर.

गाडी म्हणजे प्रीमियर पद्मिनी, सन १९८६. आमच्याकडे तिला अजून 'फियाट'च म्हणतात, आणि ते चूकही नाही. सोलापुरात जन्मलेल्या वालचंद हिराचंदांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली. पुढं कुर्ल्याच्या कारखान्यात इटलीच्या फियाटच्या गाड्या तयार होऊ लागल्या, आणि १९७०च्या दशकात त्याच गाडीला पद्मिनी हे नाव मिळालं. नवं शतक उजाडता उजाडता ती निघायची बंद झाली. मुंबईत तिच्या काळ्या-पिवळ्या बहिणी टॅक्सी होऊन राबत होत्या, त्यांनाही ३० ऑक्टोबर २०२३ रोजी वयोमर्यादेच्या नियमानं रस्त्यावरून निरोप मिळाला. माझी मात्र खासगी, आणि माणदेशातली. कागदपत्रं नवी करून, हवापाणी बघून ती अजून बाजाराला जाते, लग्नाला जाते, गोंदवल्याला महाराजांच्या दर्शनाला जाते.

नावावरून एक गंमत सांगतो. जुन्या रसिक पंडितांनी नायिकांचे चार प्रकार केले, त्यांत पद्मिनी पहिली. त्याच परंपरेनं आठ सात्त्विक भाव मोजले, त्यांत कंपालाही जागा दिली. त्याचं शास्त्रोक्त नाव वेपथू. आमचे संस्कृत शिकवणारे एक निवृत्त सहकारी माझ्या शेजारी बसून दहिवडीला निघाले होते. पासष्टच्या वेगाला स्टिअरिंग माझ्या हातात थरथरू लागलं, तेव्हा ते प्रसन्न होऊन म्हणाले, "सर, हा वेपथू. पद्मिनीला शोभतो." निदानाचा हा पहिला प्रयत्न. पुढच्या सगळ्या प्रयत्नांपेक्षा तो बरा, कारण त्यांनी काही बदलायला सांगितलं नाही.

तक्रार नेमकी अशी होती. पन्नासच्या खाली गाडी शहाण्या मुलीसारखी. पंचावन्नला स्टिअरिंगमध्ये बारीक मुंग्या. पासष्टला त्याच मुंग्या कोपरापर्यंत चढायच्या. ऐंशीच्या आसपास पुन्हा जराशी निवायची. हे सगळं मी एका शंभरपानी वहीत लिहून ठेवलं होतं. तारीख, वेग, रस्ता, गाडीत माणसं किती, ब्रेक दाबला होता की नव्हता. ती वही घेऊन मी अडीच महिने गावोगाव हिंडलो. एकानंही ती उघडली नाही.

उत्तरं देणाऱ्यांचे पंथ मात्र मला चांगले पाठ झाले.

पहिला पंथ रस्तावाद्यांचा. "आवं गुरुजी, रस्त्याची पार दशा झालीया, गाडी बिचारी काय करंल?" आमच्या दुष्काळी भागात हे वाक्य लहान मूल उजळणीआधी शिकतं. रस्त्यांबद्दल मलाही प्रेम नाही. पण खड्ड्यावर खोटा आळ घ्यायला माझी तयारी नाही. खड्डा तालात मारत नाही. तो बेतालच मारणार, तोच त्याचा धर्म. गाडी जेव्हा ठेक्यात थरथरते, वेग वाढला की ठेकाही जलद होतो, तेव्हा वाजवणारा रस्त्यात नसतो. तो गाडीत असतो, आणि तो गोल फिरणाऱ्यांपैकी कोणीतरी असतो. शिवाय रस्ता गुन्हेगार असता तर चांगल्या गुळगुळीत पट्ट्यावर थरथर थांबायला हवी होती. माझ्या वहीप्रमाणे ती तिथंच जास्त स्वच्छ जाणवायची. गोंगाट थांबला की घड्याळाची टिकटिक ऐकू येते, तशी.

दुसरा पंथ अलाइनमेंटवाद्यांचा. हा सुशिक्षितांत फार. गाडीला काहीही होवो, "अलाइनमेंट करून घ्या" हे एखाद्या घरगुती काढ्यासारखं सांगतात. अलाइनमेंट म्हणजे चाकांची तोंडं कुठल्या दिशेला आहेत याची मोजणी. ती बिघडली तर गाडी एका अंगाला ओढते, टायर एका कडेनं झिजतात. बैल वाकडे जुंपले तर गाडी बांधाला लागेल. ती थरथरणार का? थरथरीशी ज्याचा संबंध ते बॅलन्सिंग. चाकाचं वजन सगळ्या अंगांनी सारखं वाटलं गेलं आहे की नाही, ते पाहायचं आणि जिथं हलकं आहे तिथं रिमच्या कडेला शिशाचा तुकडा ठोकायचा. हे दोन शब्द जुळ्या भावांसारखे एकत्र हिंडतात म्हणून लोक एकाचं औषध दुसऱ्याला पाजतात.

तिसरा पंथ वयवाद्यांचा. "किती सालची? श्याऐंशी? मग थरथरणारच की!" बस, झालं निदान. याच्याशी मला सगळ्यांत जास्त भांडायचं आहे, म्हणून तो शेवटाला ठेवतो.

चौथा पंथ चालतंयवाद्यांचा. "चालतीया न्हवं? मग कशाला उकरून काढताय?" ही आमची राष्ट्रीय वृत्ती. आमच्या सिद्धनाथाचा रथ मार्गशीर्ष शुद्ध प्रतिपदेला निघतो, तेव्हा तो डुलतो. डुललाच पाहिजे. दोर ओढणारी माणसं, गुलालाचे लोट, खोबऱ्याची उधळण, त्यात न डुलणारा रथ कोणाला आवडेल? पण रथ ताशी पासष्टनं जात नाही, आणि त्याच्या चाकांकडे कितीतरी डोळे लागलेले असतात. 'चांगभलं' म्हणून पुढं जाणं रथाला शोभतं. टायरला हे कळत नाही. तो नास्तिक असतो.

पाचवा पंथ बदलवाद्यांचा. त्याच्याकडे येण्याआधी थोडं गणित होऊ द्या. घाबरू नका, पाटी-पेन्सिल लागणार नाही.

चाकाच्या रिमच्या कडेला एका बाजूला ३० ग्रॅम वजन जास्त आहे असं धरा. ३० ग्रॅम म्हणजे एक लहानसं लिंबू. गाडी उभी असताना ते कोणाला कळणारही नाही. आता गाडी ऐंशीच्या वेगानं सोडा. पद्मिनीचं चाक एका फेऱ्यात पावणेदोन मीटरच्या जरा वर जातं, म्हणजे सेकंदाला सुमारे बारा फेरे झाले. त्या वेगात आमचं हे लिंबू चाकाला साधारण तीन किलोच्या जोरानं बाहेर ओढतं. आणि एकदा वर, एकदा खाली, असं सेकंदाला बारा वेळा. चाळीसच्या वेगाला तोच जोर पाऊण किलोवर येतो, कारण वेग निम्मा झाला की जोर चौथाई होतो. म्हणून गावात गाडी शहाणी आणि गावाबाहेर वेडी.

मग ऐंशीला ती पुन्हा जराशी का निवते? त्याला झोपाळा आठवा. झोपाळ्याला त्याची स्वतःची लय असते. त्या लयीत हलका धक्का दिला तरी तो आभाळाला भिडतो, आणि लय चुकवून कितीही ढकला, तो नुसता गचके खातो. गाडीच्या पुढच्या अंगालाही, स्प्रिंगा नि स्टिअरिंग धरून, अशी एक लय असते. चाकाचा ठेका त्या लयीशी जुळला की थरथर कळसाला पोचते. वेग वाढून ठेका पुढं गेला की जोड तुटते. ठरावीक वेगालाच येणारी आणि त्यापुढं ओसरणारी थरथर म्हणजे चाकानं स्वतःच्या सहीनिशी दिलेला कबुलीजबाब असतो. फक्त तो वाचणारा पाहिजे.

आणि हे दुखणं आपल्या खेड्यातलंच आहे असं समजू नका. १९२०च्या दशकात अमेरिकेत फुगीर, कमी हवेचे मऊ टायर आले, आणि चांगल्या चांगल्या गाड्यांची पुढची चाकं रस्त्यात नाचू लागली. त्या काळात खांदे थरथरवत करायचा 'शिमी' नावाचा एक नाच तिकडे गाजत होता. लोकांनी चाकांच्या थरथरीला तेच नाव दिलं. ते आजही इंजिनिअरांच्या पुस्तकांत आहे. पण तिकडच्या इंजिनिअरांनी नाचाचं नाव देऊन हात झटकले नाहीत. अख्खी दहा वर्षं ते चाकांच्या मागं लागले. दोन्ही चाकांना जखडून ठेवणारा पुढचा सरळ आस काढून प्रत्येक चाक स्वतंत्र टांगायची पद्धत १९३४ साली मोठ्या अमेरिकन गाड्यांत आली, त्यामागं हे चाकांचं नाचणं एक मोठं कारण होतं. माझ्या पद्मिनीची पुढची चाकंही तशीच स्वतंत्र आहेत. म्हणजे या थरथरीनं जगाला शहाणं केलं. आपल्याकडे तिनं नुसती गॅरेजं चालवली.

आता तो पाचवा पंथ. आमच्यापासून काही अंतरावरच्या एका मोठ्या गावात एक मोठं गॅरेज आहे. नाव सांगत नाही. कारण ते एकटंच तसं असतं तर मी हा लेख लिहिलाच नसता. तिथल्या मिस्त्रींनी स्टिअरिंग एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे हलवलं आणि डोळे मिटून म्हणाले, "किंगपिन." मी वही पुढं केली. त्यांनी ती वही बॉनेटवर ठेवली आणि तिच्यावर पाना ठेवला.

किंगपिन बदलले. थरथर तशीच. मग टाय रॉडचे एंड बदलले. तशीच. मग पुढचे शॉकअब्सॉर्बर. मग इंजिनाची माउंटिंगं. मधल्या काळात दोन वेळा अलाइनमेंट. बॅलन्सिंगचं विचारलं तर, "तुमच्या जुन्या रिमला आमचं मशीन बसत नाही." दर वेळी जुना भाग माझ्या हातात देऊन मिस्त्री म्हणायचे, "बघा, किती घासलाय!" घासलेला होताच. पासष्टीच्या माणसाचा कुठलाही सांधा काढून हातात दिला तर तो घासलेलाच निघेल. म्हणून तापाचं कारण गुडघा ठरत नाही. घासलेला भाग सापडणं वेगळं आणि गुन्हेगार सापडणं वेगळं. चोरी झाल्यावर गावातल्या एकेका माणसाला तुरुंगात टाकत जायचं, आणि चोऱ्या थांबल्या की शेवटच्या माणसाला चोर म्हणायचं, अशातला हा प्रकार.

या सगळ्याला गॅरेजच्या भाषेत 'बदलून बघू' म्हणतात. बदलणार ते, बघणार आम्ही.

माझी थरथर सापडली ती म्हसवडच्या बाहेर एका बाभळीखाली. तिथं पंक्चर काढायचं दुकान आहे. दुकान म्हणजे एक कॉम्प्रेसर, पाण्यानं भरलेलं घमेलं, टायरांचा ढीग आणि खाट. बाभळीनं काटे पुरवायचे आणि त्यानं ते काढायचे, अशी दोघांची भागीदारी. मी हवा भरायला थांबलो आणि सवयीनं तक्रार सांगितली. त्यानं हवेची नळी बाजूला ठेवली.

"गुरुजी, हातात हलतंय का बुडाखाली?"

अडीच महिन्यांत मला विचारला गेलेला हा पहिला प्रश्न. मला एकदम भरून आलं.

"हातात."

"ब्रेक दाबल्याव वाढतंय?"

"नाही."

"किती स्पीडला?"

मी वही काढली. त्यानं हात पुसले, वही घेतली, बोट ठेवून दोन पानं वाचली.

"दिवाळीपासनं दिसतंय. दिवाळीला पंक्चर-बिंक्चर काढलं व्हतं का कुठं?"

काढलं होतं. डाव्या पुढच्या चाकाचं, परगावी. दगडानं टायर कापला होता.

तो पुढं काही बोलला नाही. पुढची दोन्ही चाकं काढून मागं लावली, मागची पुढं घेतली. बोल्ट आवळले आणि म्हणाला, "आता एक चक्कर मारून या." मी गेलो. पासष्टला स्टिअरिंग गप्प. थरथर सीटमध्ये, खाली. परत येऊन सांगितलं, तसा तो हसला. "आता बुडाखाली आली न्हवं? मग टायरच हाय." त्यानं चाकं पुन्हा उचलली, एकेक हातानं फिरवलं आणि कडेला खडू धरला. एका चाकावर खडूनं गोल रेघ काढली. दुसऱ्यावर एकाच ठिकाणी ठिपका उमटला. टायर उतरवून पाहिला तर आत तळहाताएवढा गेटर चिकटवलेला, आणि त्याच्या शेजारी टायरच्या आतल्या अंगाला, जिकडे उभ्या माणसाची नजर जात नाही तिकडे, लिंबाएवढा फुगवटा. आतले धागे तुटले होते.

"ह्यो फुटला असता," तो म्हणाला. साधंच बोलला. पुढच्या आठवड्यात याच गाडीतून नातवंडांना घेऊन मी पंढरपूरला निघणार होतो. पुढचं चाक सत्तरच्या वेगाला फुटलं म्हणजे गाडी कोणाचं ऐकत नाही, हे काही कोणाला सांगायला नको.

किंगपिन नवे, एंड नवे, शॉकअब्सॉर्बर नवे, माउंटिंगं नवी. आणि या सगळ्या नव्या कोऱ्या ऐवजासकट आम्ही रस्त्याच्या कडेच्या चारीत गेलो असतो.

मी त्याला विचारलं, "किती झाले?" त्यानं चाकं काढघालीचे पैसे सांगितले. मी म्हटलं, "आणि शोधून काढल्याचे?" तर त्याला तो प्रश्नच कळला नाही. "बघायचं कसलं पैसं, गुरुजी?"

आपल्याकडच्या सगळ्या घोटाळ्याचं मूळ या वाक्यात आहे. न्यायानं बोलायचं तर मिस्त्रींचीही एक बाजू आहे, आणि ती तुमच्या-माझ्या विरुद्ध आहे. आपण वस्तूचे पैसे मुकाट्यानं देतो, मजुरीवर घासाघीस करतो, आणि विचार करण्याचे पैसे मागितले तर भांडायला उठतो. एखाद्या मिस्त्रीनं तासभर गाडी हिंडवून, चाकं फिरवून सांगितलं की 'काही बदलायला नको, रिमच्या आत काळी माती वाळून बसलीय ती खरवडा,' तर त्याला आपण काय देणार? एक चहा. आणि जो सहा भाग बदलेल त्याला सहा भागांचे पैसे. मग त्यानं डोकं चालवावं की पाना? औषध न देता नुसता तपासून 'तुम्हांला काही झालं नाही' म्हणणाऱ्या डॉक्टरचं आपण काय करतो, तेही आठवा.

म्हणून निदान ही विद्या आपल्या दारातून उपाशी चालली आहे. आणि ही विद्या परकी नाही, बरं का. बाराशे-तेराशे वर्षांपूर्वी माधव नावाच्या वैद्यानं नुसत्या निदानावर अख्खा ग्रंथ लिहिला. वैद्यकाचे विद्यार्थी अजून 'माधवनिदान' वाचतात. रोग ओळखायच्या पाच वाटा आपल्या आयुर्वेदानं घालून दिल्या आहेत: हेतू, पूर्वरूप, रूप, उपशय आणि संप्राप्ती. त्या माणसासाठी आहेत. पण गाडीला लावून पाहिल्या तर एकही वाया जात नाही.

हेतू म्हणजे, हे सुरू व्हायच्या आधी काय घडलं? पंक्चर काढलं? गाडी चिखलाच्या रानात गेली? महिनाभर एका जागी उभी होती? पूर्वरूप म्हणजे आधीच्या बारीक खुणा. टायर कुठं ठिपक्या-ठिपक्यांनी झिजलाय का, चाकाजवळून घूंऽ असा आवाज येतो का?

रूप म्हणजे प्रत्यक्ष लक्षण, आणि इथं गाडी अक्षरशः बोलते. थरथर हातात आली तर बहुधा पुढची चाकं. बुडाखाली आली तर मागची, नाहीतर लांबलचक प्रॉपेलर शाफ्ट. तो चाकाच्या चौपटीनं फिरतो, म्हणून त्याचा ठोका वाटत नाही, नुसती गुणगुण दाढेत जाणवते. फक्त ब्रेक दाबल्यावर आली तर ब्रेकचा ड्रम गोल राहिलेला नाही. गाडी उभी असताना नुसती रेस दिल्यावर आली तर चाकं बिचारी निर्दोष, इंजिन किंवा त्याची माउंटिंगं पाहा. थंडीत सकाळी पहिले चार-पाच किलोमीटर धडधड होऊन मग आपोआप गेली, तर रात्रभर एका जागी उभा राहून टायर तळाशी सपाट झाला होता आणि गरम होऊन गोल झाला, एवढंच. आणि खड्ड्यात आदळल्यावर सुरू होऊन वेग कमी केल्याशिवाय थांबतच नसेल, तर मात्र किंगपिन नि सांध्यांवर संशय घ्या.

चौथा उपशय. हा शब्द मला फार आवडतो. थोडंसं काही करून पाहायचं आणि दुखणं कमी होतं की वाढतं यावरून रोग ओळखायचा. चाकं पुढची मागं करणं हा उपशय. चाक जॅकवर उचलून वर-खाली हलवलं, खेळ दिसला, कोणाला तरी ब्रेक दाबायला सांगितला आणि खेळ नाहीसा झाला, तर दोष बेअरिंगचा. ब्रेक दाबूनही राहिला तर किंगपिनचा. हाही उपशय, आणि त्याला खर्च एका माणसाच्या पायाचा. 'बदलून बघू' म्हणणारेही आपण उपशयच करतो असं सांगतील. पण उपशय वैद्यानं विचार करून, थोडक्यात करायचा असतो. रोग्याचं घर विकून नव्हे.

आणि संप्राप्ती म्हणजे कारणापासून लक्षणापर्यंतची वाट दाखवणं. कापलेला टायर, आतला गेटर, एका बाजूला वाढलेलं वजन, पासष्टचा ठेका, हातातली थरथर. पक्ष, साध्य, सिद्धता. माझ्या भूमितीला इथं बरं वाटतं.

राहता राहिले वयवादी. "जुनी झाली, चालायचंच." १९८६ची गाडी १९८६चीच राहणार, ते काही बदलता येत नाही. ज्याच्यावर इलाज नाही तेच कारण म्हणून सांगितलं की शोधायची जबाबदारी संपते. पण गाडी ऑक्टोबरातही जुनीच होती, आणि तेव्हा थरथरत नव्हती. वय दिवाळीच्या आठवड्यात एकदम येत नाही. 'जुनी आहे' ही माहिती झाली. ते निदान नव्हे. म्हाताऱ्या गाडीलाही तिचा स्वतंत्र आजार असण्याचा अधिकार आहे.

हे मी गाडीपुरतं म्हणत नाही. आमच्या शेजारचे आप्पा शहात्तर वर्षांचे. त्यांचे हात कापायला लागले. कपबशी वाजायची, म्हणून त्यांनी चारचौघांत चहा घेणंच सोडलं. सगळे म्हणाले, वय. तपासणारेही म्हणाले, वयोमानाप्रमाणे. टॉनिक आलं, कॅल्शियम आलं. बदलून बघू! आप्पा हळूहळू घराबाहेर पडेनासे झाले. शेवटी त्यांच्या सुनेनं, जिला कोणी काही विचारलंच नव्हतं, सांगितलं की सकाळी उठल्या उठल्या हात बरे असतात, दम्याची गोळी घेतली की तासाभरानं कापतात. नव्या डॉक्टरांनी ते ऐकलं आणि गोळीचा विचार पुन्हा केला. दम्याच्या काही औषधांनी हात कापतात, ही वैद्यकाला माहीत असलेली गोष्ट आहे. आप्पा आता पुन्हा पारावर येतात, बशीतून चहा पितात, आणि बशी वाजत नाही. त्यांचं वय आहे तेवढंच आहे. उलट वर्षानं वाढलंय.

त्या सुनेनं केलं काय? 'केव्हा' हे पाहिलं. बाभळीखालच्या त्या गड्यानं विचारलं काय? 'कुठं' आणि 'केव्हापासून'. या प्रश्नांना ना मशीन लागतं, ना पदवी. लागते फक्त उत्तर ऐकून घ्यायची तयारी. आणि तीच आज बाजारात कोणत्याही किमतीला मिळत नाही, कारण तिला आपण किंमतच ठेवलेली नाही.

गॅरेजात 'आज रोख, उद्या उधार' अशी पाटी असते. तिच्याखाली आणखी दोन ओळी रंगवून घ्याव्यात अशी माझी सूचना आहे. पहिली मिस्त्रीनं गिऱ्हाइकासाठी लिहावी: 'बघण्याचे पैसे पडतील.' आणि दुसरी गिऱ्हाइकानं मिस्त्रीसाठी: 'बघितल्याशिवाय पाना लावू नये.' रंगाचा खर्च मी देतो.